सुरासाठी सुटे भाग

मैफल सुरू होण्याआधी तंबोरे जुळवण्याचे काम चाललेले आपण पाहतो. खुंटी पिळली जाते, घोडीमागचा मणी केसभर सरकवला जातो, पुन्हा तार छेडली जाते. समोर बसलेल्या पुष्कळांना सूर केव्हाच लागला आहे असे वाटत असते, पण जुळवणाऱ्याचे समाधान झालेले नसते. तो नेमके काय ऐकत असतो, आणि ते किती बारीक असते, याचा हिशेब मांडता येतो. त्यासाठी सोयीचे साधन म्हणजे आपणच बनवलेला इलेक्ट्रॉनिक तंबोरा. चौदा पायांची एक आयसी, मूठभर सुटे भाग आणि एक लहान स्पीकर एवढ्यात तो होतो. नववी-दहावीच्या मुलांना एक-दोन शनिवारांत जोडता येईल इतका तो सोपा आहे. मात्र तो वाजणे सोपे, सुरात वाजणे अवघड. आणि हा अवघडपणा बराचसा बाजारातून आपण कोणता भाग आणला यावर ठरतो.

तयार इलेक्ट्रॉनिक तंबोरा विकत मिळतो, हे खरे आहे. बंगळूरचे अभियंते आणि बासरीवादक जी. राज नारायण यांनी १९७९ मध्ये तसे वाद्य तयार केले, आणि पुढे ते देशभर गायकांच्या बैठकीत पोचले. आता तर मोबाइलवरही तंबोरा वाजतो. पण मोबाइलमधला सूर क्वार्ट्झच्या स्फटिकाच्या कंपनांवर बेतलेला असतो. तिथे चुकायला जागाच नाही, त्यामुळे शिकायलाही फारशी नाही. आपल्याला हवा आहे तो चुकू शकणारा तंबोरा.

टाकी, नळ आणि दोन खुणा

आपण वापरणार आहोत त्या आयसीचा क्रमांक ४०१०६. तिच्यात एकसारखी सहा दारे आहेत. प्रत्येक दाराला एक आत जाणारा पाय आणि एक बाहेर येणारा. आतला दाब, म्हणजे व्होल्टेज, कमी असेल तर बाहेरचा जास्त असतो आणि आतला जास्त असेल तर बाहेरचा कमी. मात्र हा बदल एकाच ठरावीक व्होल्टेजला होत नाही. आतले व्होल्टेज वाढत जाऊन एका वरच्या खुणेपर्यंत पोचले की बाहेरचे खाली पडते, आणि आतले उतरत उतरत वेगळ्याच, खालच्या खुणेपर्यंत आले की बाहेरचे पुन्हा वर जाते. अशा दाराला श्मिट ट्रिगर म्हणतात.

गच्चीवरच्या टाकीची कल्पना करा. पाणी वरच्या खुणेला टेकले की नळ बंद होतो आणि खालची तोटी उघडते. पाणी खालच्या खुणेपर्यंत उतरले की तोटी बंद आणि नळ चालू. माणसाने हात लावायचा नाही, हे अखंड चालू राहणार. एका फेरीला किती वेळ लागेल? टाकी मोठी असेल तर जास्त, नळी बारीक असेल तरी जास्त. आपल्या मंडलात टाकीच्या जागी कंडेन्सर आहे (पाठ्यपुस्तकातले धारित्र, दुकानात मात्र कंडेन्सर म्हणूनच मागावे) आणि नळीच्या जागी रेझिस्टन्स, म्हणजे रोध. दाराच्या बाहेरच्या पायापासून आतल्या पायापर्यंत रोध जोडायचा आणि आतल्या पायापासून जमिनीला, म्हणजे बॅटरीच्या ऋण टोकाला, कंडेन्सर. झाला आंदोलक. बाहेरच्या पायावर व्होल्टेज वर-खाली, वर-खाली होत राहते आणि ते स्पीकरला दिले की सूर ऐकू येतो.

आयसी बनवणाऱ्यांनी दिलेल्या सरासरी आकड्यांवरून एका फेरीचा वेळ साधारण ०.८ गुणिले रोध गुणिले धारिता इतका येतो. समजा आपल्याला काळी चारचा सा हवा आहे. त्याची वारंवारता सुमारे २०८ हर्ट्झ. कंडेन्सर ०.१ मायक्रोफॅरडचा घेतला तर रोध सुमारे ६० किलो-ओहम हवा. मंद्र पंचम म्हणजे साच्या पाऊणपट, १५६ हर्ट्झ; त्याला ८० किलो-ओहम. खर्ज साच्या निम्मा, १०४ हर्ट्झ. त्यासाठी रोध दुप्पट करता येईल, पण त्याहून चांगली युक्ती अशी की रोध ६० किलो-ओहमच ठेवून ०.१ चे दोन कंडेन्सर समांतर जोडावेत. टाकी दुप्पट झाली, सूर एक सप्तक खाली आला.

आता हे सगळे आणून जोडले तर सूर बरोबर लागतील का? मुळीच नाही.

साधा कार्बनचा रोध, ज्याच्यावर शेवटचा पट्टा सोनेरी असतो, छापील मूल्यापेक्षा ५ टक्के कमी किंवा जास्त असू शकतो. कंडेन्सर बऱ्याचदा १० टक्क्यांपर्यंत. दोन्ही एकाच दिशेने चुकले तर वारंवारता १५ टक्क्यांच्या आसपास हलली. संगीतात शेजारच्या दोन पट्ट्यांमधले अंतर जेमतेम ६ टक्के आहे. म्हणजे सा लावायला जावे आणि शुद्ध रे ओलांडून पुढे जावे, असे होऊ शकते. शिवाय तो ०.८ चा आकडाही सरासरीचा. दोन खुणांमधले अंतर वेगवेगळ्या कंपन्यांच्या आयसींमध्ये, किंवा एकाच कंपनीच्या दोन आयसींमध्येही, इतके बदलते की हा आकडा निम्मा किंवा दीडपटही निघू शकतो. रेडिओतल्या पुष्कळ जागी एवढ्या फरकाने काही बिघडत नाही. दिवा लुकलुकवायचा असेल तर नाहीच नाही. कानाला मात्र ते चालत नाही. किती चालत नाही, ते बघू.

कानाची मोजपट्टी

कोणत्याही भरीव सुरात एकच वारंवारता नसते. १०४ हर्ट्झच्या सुरात २०८, ३१२, ४१६ अशा पटीतल्या वारंवारताही मिसळलेल्या असतात. त्यांना हार्मोनिक म्हणतात. तंबोरा चांगला लागला की तो न छेडलेला गंधार त्यातून आपोआप ऐकू येतो, तो याच कुटुंबातला, आणि गवई त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. आता सा २०८ ला आहे आणि पंचम १५६ ला. साचा तिसरा हार्मोनिक ६२४, पंचमाचा चौथाही ६२४. दोन्ही एकमेकांवर तंतोतंत बसले. पण पंचम जर १५६ ऐवजी १५६.२५ ला असेल तर त्याचा चौथा हार्मोनिक ६२५ होतो आणि ६२४ व ६२५ मिळून सेकंदाला एक याप्रमाणे आवाजाची लाट ऐकू येते: मोठा, लहान, मोठा, लहान. पाठ्यपुस्तकात याला विस्पंद म्हटले आहे. तंबोरा जुळवणारा ही लाट ऐकत असतो आणि ती मंद होत होत थांबेपर्यंत मणी सरकवत असतो.

सेकंदाला एक लाट कुणालाही मोजता येते, त्यासाठी गाणे यावे लागत नाही. आणि ती लाट सांगते की पंचम पाव हर्ट्झने चुकला आहे. १५६ मध्ये पाव म्हणजे सुमारे ०.१६ टक्के. इकडे सोनेरी पट्ट्याच्या रोधाची मुभा ५ टक्के. विस्पंद मोजणारा कान त्या रोधापेक्षा तीसपट काटेकोर ठरला! म्हणून सूत्रावरून रोध काढून तो जोडणे पुरत नाही. रोध फिरवून बदलता आला पाहिजे आणि कानाने जुळवला पाहिजे, खुंटी-मण्यासारखाच.

पण इथे एक गोम आहे आणि ती मला या सबंध प्रकरणातली सर्वांत गमतीची बाब वाटते. आपल्या आंदोलकाचे व्होल्टेज निम्मा वेळ वर आणि निम्मा वेळ खाली असते. अशा चौकोनी तरंगात फक्त विषम हार्मोनिक असतात: पहिला, तिसरा, पाचवा. सम हार्मोनिक नसतातच. मग खर्जात १०४, ३१२, ५२० ... आणि सात २०८, ६२४, १०४० ... १०४ ची विषम पट आणि २०८ ची पट कधी एक होईल का? २०८ ची कोणतीही पट ही १०४ ची सम पट असते. विषम संख्या सम संख्येइतकी होणार नाही, म्हणजे हे दोन सूर कुठेच एकमेकांवर बसणार नाहीत. सा आणि पंचमाचेही तेच: पंचमाचा चौथा हार्मोनिक हवा होता, तो सम, म्हणून गायब. तेव्हा साध्या चौकोनी तरंगांचा तंबोरा जुळवायला बसलात तर लाट अगदी अस्पष्ट ऐकू येते (आयसीच्या दोन खुणा मध्यापासून अगदी सारख्या अंतरावर नसतात म्हणून तेवढी तरी येते), आणि जुळवणारा वैतागतो. आवाजही पोकळ, नळीतून आल्यासारखा वाटतो. सातवीच्या वर्गातली सम-विषम संख्यांची गोष्ट अशी वाद्यात येऊन बसते.

खऱ्या तंबोऱ्यातही याच्या जवळचा एक प्रश्न आहे. तार जिथे छेडतो त्या बिंदूपाशी ज्या हार्मोनिकचा निस्पंद बिंदू येतो, तो हार्मोनिक आवाजात असता कामा नये, असे साध्या तारेचा सिद्धांत सांगतो. तंबोरा आणि वीणा यांच्या बाबतीत तसे होत नाही, तो हार्मोनिकही जोरकस ऐकू येतो, हे चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ च्या एका छोट्या निबंधात दाखवले आणि त्याचे कारण घोडीच्या पसरट, किंचित गोलाईच्या पृष्ठभागात शोधले. मिरजेचे कारागीर ज्या जवारीवर तासन् तास हात फिरवतात ती हीच. घोडी नसलेले हार्मोनिक आणून देते. आपल्यालाही एक घोडी लागेल.

ती आयसीतच आहे. सहा दारांपैकी तीन आंदोलकांना गेली, तीन शिल्लक आहेत. प्रत्येक आंदोलकाचा सूर एका लहान कंडेन्सरमधून शिल्लक दारात सोडायचा. मग दर फेरीला, व्होल्टेज खाली पडताना, त्या दारातून एक अरुंद ठोका बाहेर येतो आणि उरलेला वेळ शांत. असा अरुंद ठोका समसमान नसल्यामुळे त्यात सम-विषम सगळे हार्मोनिक असतात. आवाज भरतो, किंचित झणझणतो आणि लाटा स्वच्छ ऐकू येतात. शिवाय पुढच्या जोडणीचा भार आंदोलकावर पडत नाही.

दुकानात गेल्यावर

मुंबईत ग्रँट रोड स्टेशनजवळचा लॅमिंग्टन रोड (पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग), पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली, बंगळूरला एस. पी. रोड, चेन्नईला रिची स्ट्रीट: सुट्या भागांच्या या पेठा अजूनही गजबजलेल्या आहेत. टपालाने किंवा इंटरनेटवरून मागवूनही सर्व काही घरपोच येते. तालुक्याच्या गावी असाल तर टीव्ही दुरुस्त करणाऱ्या कारागिराला विचारा. त्याच्याकडे निम्मे भाग असतात आणि कोणता भाग कसा वागतो याचे त्याला असलेले ज्ञान फुकट मिळते. कुठूनही घ्या, पण काय मागायचे ते नीट माहीत हवे. ‘पॉइंट वन कंडेन्सर द्या’ म्हटले की दुकानदार बहुधा चपटी, तपकिरी, बोटाच्या नखाएवढी चकती हातात ठेवतो. ही सिरॅमिक डिस्क. स्वस्त असते, सहज मिळते आणि आपल्या कामासाठी जवळजवळ निरुपयोगी आहे.

या चकतीवर १०४ असा आकडा असतो: १० वर चार शून्ये, इतके पिकोफॅरड, म्हणजे ०.१ मायक्रोफॅरड. आकड्यापुढचे रोमन अक्षर महत्त्वाचे. जे म्हणजे ५ टक्के, के म्हणजे १० टक्के, एम म्हणजे २० टक्के आणि झेड म्हणजे २० टक्के कमी ते ८० टक्के जास्त! चकतीवर पुष्कळदा हे झेड असते. बरे, एकदा रोध फिरवून सूर जुळवला की मूळ मूल्य कितीही असले तरी काय बिघडले? बिघडते ते असे की ही चकती तापमानाबरोबर वाहवत जाते. या जातीच्या सिरॅमिकला मानकानेच मोठी मुभा दिलेली आहे. वाय ५ व्ही या वर्गात, उणे ३० ते ८५ अंश सेल्सियसच्या दरम्यान, धारिता २२ टक्के वाढली किंवा ८२ टक्के घटली तरी तो भाग चांगलाच समजला जातो. सकाळी प्रार्थनेला जुळवलेला सूर दुपारी तिसऱ्याच जागी असेल.

वर्गात दाखवायला मात्र ही चकती उत्तम आहे. आंदोलकात ती लावा आणि चालू असताना तिचे अंग (तारा नव्हे) दोन बोटांत धरा. बोट खोलीपेक्षा गरम असेल तर धारिता कमी होऊन सूर चढत जातो. सोडले की हळूहळू उतरतो. विदर्भातल्या शाळेत मे महिन्याच्या दुपारी हा प्रयोग उलटा होईल, कारण तेव्हा खोलीच बोटापेक्षा गरम असते.

मग मागायचे काय? पॉलिएस्टरचा कंडेन्सर, ज्याला दुकानात मायलर म्हणतात. तो बहुधा हिरवा किंवा लाल, गुळगुळीत, बदामाच्या बीसारखा असतो आणि त्यावर १०४ जे किंवा १०४ के असे लिहिलेले असते. तोही तापमानाने बदलतो, पण दहा अंशांना साधारण अर्धा टक्का. अर्धा टक्काही कानाला कळेल असे तुम्ही म्हणाल, आणि ते बरोबर आहे. पण इथे एक सवलत मिळते. संगीतात महत्त्व गुणोत्तराला आहे. सा, पंचम आणि खर्ज तिघेही एकाच प्रमाणात उतरले तर त्यांचे ४:३:२ हे नाते तसेच राहते, एकही लाट उमटत नाही. सबंध तंबोरा फक्त थोडा खाली येतो आणि गाणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. म्हणून नियम असा: भाग अचूक नसले तरी चालतील, पण ते सारखे वागणारे हवेत. सगळे कंडेन्सर एकाच जातीचे, एकाच कंपनीचे, शक्यतो एकाच पिशवीतले घ्यावेत. आपल्याला चार लागतात. दहा घ्या, धारिता मोजणारा मल्टिमीटर असेल तर मोजा आणि जवळात जवळचे चार निवडा. तीनही आंदोलक एकाच आयसीत असण्याचा फायदाही हाच. सिलिकॉनच्या एकाच तुकड्यावर असल्यामुळे त्यांच्या खुणा सारख्याच आणि सरकल्या तर बरोबरीने सरकतात. ५५५ या प्रसिद्ध आयसीने, जी हान्स कामेनझिंट यांनी १९७१ मध्ये रचली, एकेक सूर जास्त स्थिर मिळतो, तरी या कामाला मी ४०१०६ च पसंत करतो.

फिरवण्याच्या रोधाबद्दलही थोडे. १०० किलो-ओहमचा साधा प्रीसेट पेचकसाने जेमतेम पाऊण फेरी फिरतो. म्हणजे एका अंशाला सुमारे ३७० ओहम. आपल्या ६० किलो-ओहममध्ये ते ०.६ टक्के झाले, आणि कानाला तर ०.१६ कळते! हात कितीही स्थिर असला तरी यात सूर सापडायचा नाही. म्हणून मल्टिटर्न प्रीसेट मागा, जो पंचवीस फेऱ्या फिरतो. तो महाग वाटला किंवा मिळाला नाही तर साध्या प्रीसेटच्या ओळीत ४.७ किलो-ओहमचा एक व्हॉल्यूमसारखा फिरणारा रोध जोडा. प्रीसेट ही खुंटी, हा लहान रोध मणी. एका अंशाला ०.०३ टक्के इतके बारीक काम त्यात होते.

आयसी घेताना क्रमांक स्वतः वाचा. ४०१०६ नसेल तर ४५८४ किंवा ७४ एचसी १४ चालेल, पायांची मांडणी तीच आहे. मात्र ७४ एचसी १४ ला ६ व्होल्टच्या वर न्यायचे नाही. आपण ५ व्होल्टच देणार आहोत. ‘तेच आहे हो’ म्हणत ७४ एलएस १४ दिली तर घेऊ नका. तिच्या आतल्या पायातून एवढा प्रवाह वाहतो की किलो-ओहमांतले मोठे रोध तिच्यापुढे टिकत नाहीत. ४०६९ ची मांडणीही तीच, पण तिच्यात दोन खुणांचा प्रकारच नाही. जुनी, बनायची बंद झालेली आयसी अचानक स्वस्तात मिळाली तर जरा सावध असावे. पुसून नवा क्रमांक छापलेल्या आयसी बाजारात असतात. संगीतासाठी खास बनलेल्या आयसींची मागणी फार, म्हणून त्यांत हा प्रकार अधिक. आपले काम त्यामानाने सुखाचे. ४०१०६ काही रुपयांना मिळते.

जुन्या रेडिओ-टीव्हीतून भाग काढणेही शिकण्यासारखे आहे. रोध आणि मायलर बेलाशक काढावेत. उभ्या डब्यांसारखे इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर मात्र वर्षानुवर्षांत आतून वाळतात, ते नवेच घ्यावेत. टीव्ही आणि सीएफएल दिव्यांच्या पट्ट्यांमधले मोठे कंडेन्सर वीज तोडल्यावरही झटका देऊ शकतात, तेव्हा ते मुलांच्या हाती देऊ नयेत.

जोडणी

आयसीची खाच डावीकडे ठेवली की खालच्या रांगेतला डावीकडचा पाय पहिला. तिथून उजवीकडे सातपर्यंत आणि मग वरच्या रांगेत उजवीकडून डावीकडे आठ ते चौदा. सातवा पाय जमिनीला, चौदावा अधिक ५ व्होल्टला. आयसी सरळ डागू नका, आधी आयसी बेस डागून त्यात ती बसवा. ब्रेडबोर्डवर जोडलीत तर डागणीची गरजच नाही.

सा: पहिला आणि दुसरा पाय यांच्या दरम्यान ३३ किलो-ओहमचा रोध आणि त्याच्या ओळीत १०० किलो-ओहमचा मल्टिटर्न प्रीसेट. पहिल्या पायापासून जमिनीला एक मायलर. पंचम: हेच तिसऱ्या व चौथ्या पायांवर. खर्ज: हेच पाचव्या व सहाव्यावर, फक्त मायलर दोन, समांतर. प्रीसेट पूर्ण फिरवूनही सूर हव्या त्या जागी येत नसेल तर ३३ च्या जागी २२ किंवा ६८ किलो-ओहम लावून पाहावा. आयसीआयसीतला तो फरक इथे भेटतो.

आता घोडी. दुसऱ्या पायापासून तेराव्या पायापर्यंत ०.०१ मायक्रोफॅरड, म्हणजे १०३ लिहिलेला कंडेन्सर, आणि तेराव्या पायापासून ५ व्होल्टला ४७ किलो-ओहम. सूर बाराव्या पायावर मिळतो. त्याचप्रमाणे चौथ्यापासून अकराव्याला, सूर दहाव्यावर. सहाव्यापासून नवव्याला, सूर आठव्यावर. बारा, दहा, आठ या तिघांपासून १०० किलो-ओहमचा एकेक रोध काढून तिन्ही टोके एकत्र आणा. तिथून ०.१ च्या कंडेन्सरमधून १० किलो-ओहमच्या व्हॉल्यूमच्या एका टोकाला जा. दुसरे टोक जमिनीला. मधला पाय ३८६ क्रमांकाच्या अँप्लिफायर आयसीच्या तिसऱ्या पायाला. ३८६ चा दुसरा व चौथा जमिनीला, सहावा ९ व्होल्टला आणि पाचव्यापासून २२० मायक्रोफॅरडमधून (अधिक टोक आयसीकडे) ८ ओहमचा स्पीकर. सूर कानाला टोचला तर व्हॉल्यूमच्या दोन टोकांना १०३ चा आणखी एक कंडेन्सर जोडावा.

९ व्होल्टसाठी सहा पेन्सिल सेल. त्यातून ७८ एल ०५ हा लहान रेग्युलेटर ५ व्होल्ट देतो. सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले तर त्याचा डावा पाय ५ व्होल्टचा, मधला जमीन आणि उजवा ९ व्होल्टचा. मोठ्या ७८०५ चा क्रम याच्या उलट असतो, त्यात हमखास गफलत होते. सेलऐवजी स्वस्त अडॅप्टर लावण्याचा मोह टाळावा. आपल्याकडच्या ५० हर्ट्झच्या विजेतून अशा अडॅप्टरमध्ये १०० हर्ट्झची गुणगुण उरू शकते, आणि आपला खर्ज आहे १०४ ला. सेकंदाला चार लाटा, ज्यांचा सुराशी काही संबंध नाही!

शेवटचा एक भाग: आयसीच्या चौदाव्या आणि सातव्या पायांना अगदी चिकटून एक ०.१ चा कंडेन्सर. इथे ती बदनाम सिरॅमिक चकतीच लावायची. इथे मूल्याशी देणेघेणे नाही, व्होल्टेजमधले झटके पटकन गिळणे एवढेच काम, आणि त्यात ती मायलरपेक्षा सरस आहे. ती नसेल तर तीनही आंदोलक एकमेकांचे झटके ऐकतात आणि जवळ आले की एकमेकांना ओढून घेतात. जुळवताना लाट मंद होत होत थांबण्याऐवजी टचकन थांबली आणि मग प्रीसेट थोडा फिरवूनही सुरू झाली नाही, तर हा प्रकार समजावा. एकाच तुळईला टांगलेली दोन लंबकांची घड्याळे आपोआप एका तालात येतात, हे हॉयगेन्सने १६६५ मध्ये पाहिले होते. त्याच जातीची ही घटना.

जुळवताना फक्त सा पेटीवरून घ्या. मग पंचमाची वायर काढून ठेवून खर्ज साशी जुळवा. त्यानंतर खर्ज काढून पंचम साशी. पंचम पेटीवरून घेऊ नये, कारण पेटीचा पंचम मुळातच किंचित हललेला असतो. पेटीत सप्तकाचे बारा सारखे भाग पाडलेले असतात, त्यामुळे २०८ च्या सापुढे तिचा मंद्र पंचम १५६ ऐवजी १५५.८२ ला येतो. तिचा चौथा आणि साचा तिसरा हार्मोनिक यांत ०.७ हर्ट्झचा फरक, म्हणजे तीन सेकंदांत दोन लाटा. ज्या शाळेत चांगली लागलेली पेटी असेल तिथे मुलांना आधी या लाटा शोधायला सांगावे.

नंतर तंबोरा खोक्यात घालून, प्रीसेटना हात न लावता, शेजारी तापमापक ठेवून आठवडाभर रोज सकाळी आणि दुपारी पाच मिनिटे चालू करा. खर्ज आणि सा यांच्यातल्या लाटा दहा सेकंदांत किती, पंचम आणि सा यांच्यातल्या किती, हे मुलांनी लिहून ठेवावे. दुसऱ्या आठवड्यात फक्त पंचमाचा मायलर काढून तिथे सिरॅमिक चकती लावा, नव्याने जुळवा आणि त्याच वेळांना पुन्हा लाटा मोजा.